चढावर गाडी दम का सोडते?
जुन्या टर्बो गाडीच्या डिझेल पुरवठ्याची तपासणी

कामोठे, कळंबोली, पनवेल या पट्ट्यात कापड, भांडी, फर्निचर, फळे यांचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांपैकी पुष्कळांकडे एखादी जुनी डिझेल गाडी असते. कोणाची पिकअप, कोणाचा टेम्पो, कोणाची जीप. नवी गाडी घ्यायची म्हणजे कर्ज आले आणि कर्जामागे व्याज आले. ते नको म्हणून दहा-बारा वर्षे चाललेली गाडी रोखीने घ्यायची आणि तिच्यावर रोजी कमवायची, असा बहुतेकांचा रिवाज आहे. आम्हीही तेच केले आणि त्याचा आम्हाला पस्तावा नाही.

मात्र जुन्या गाडीला एक दुखणे असे जडते की ते गॅरेजात दिसतच नाही. उभी असताना इंजिन घड्याळासारखे चालते. रिकामी गाडी खारघरपर्यंत नेऊन आणली तरी तक्रार नसते. माल भरून चढाला लावली की मात्र दम सोडते. गिअर उतरवत जावे लागते आणि शेवटी ती कडेला उभी राहते. मग गॅरेजवाला सांगतो, "पंप गेला", नाहीतर "टर्बो गेला". दोन्ही कामे हजारांच्या घरातली. आमच्या तजुर्ब्यात दहापैकी सात-आठ वेळा पंपही गेलेला नसतो आणि टर्बोही नाही. डिझेलच्या वाटेवर एखादी शे-दोनशे रुपयांची वस्तू अडलेली असते. ती शोधायची कशी, हे या लेखात मांडण्याचा विचार आहे. हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो, आणि शिकता शिकता एका भल्या माणसावर अन्यायही करून बसलो. तो भागही लिहितो, कारण तपासणीचा खरा मुद्दा त्यातच आहे.

टर्बोचे काम काय?

एक लिटर डिझेल पुरते जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. डिझेलच्या वजनाच्या साडेचौदा पट वजनाची हवा, असा तो हिशेब आहे. साधे इंजिन ही हवा स्वतः ओढून घेते, म्हणून त्याला मर्यादा पडते. हवा दाबून आत ढकलली तर तेवढ्याच इंजिनात जास्त डिझेल जाळता येते आणि ताकद वाढते. ही ढकलणारी यंत्रे दोन प्रकारची. एक इंजिनच्या पट्ट्यावर फिरते, त्याला सुपरचार्जर म्हणतात. काही जुन्या पेट्रोल मर्सिडीज गाड्यांच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' असे लिहिलेले दिसते, ते याच जातीचे. दुसरे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरते, तो टर्बो. स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्या पिकअप-टेम्पोंत असतो तो हाच.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा, पुढे सगळे त्यावरच अवलंबून आहे. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, आणि धुराचा जोर जळलेल्या डिझेलवर ठरतो. म्हणजे डिझेल कमी पोचले की धूर कमी, धूर कमी की टर्बो मंद, आणि टर्बो मंद की हवाही कमी. अशा वेळी कोणी मीटर लावून टर्बोचा दाब पाहिला तर तो कमीच दिसणार, आणि मिस्त्री म्हणणार की टर्बो खराब आहे. खरे तर टर्बो उपाशी आहे. उपाशी माणसाला आजारी समजून औषध पाजत राहावे, तसा हा प्रकार होतो.

डिझेलची वाट

कापडाचा थान गिऱ्हाइकाकडे कमी मापाचा निघाला तर आपण काय करतो? गिरणीचे बिल पाहतो, गोदामातली नोंद पाहतो, काउंटरवर कोणी फाडला ते पाहतो. जेथपर्यंत माप पूर्ण होते तेथपर्यंत सगळे निर्दोष, घट त्याच्या पुढे. डिझेलचेही तसेच करायचे. म्हणून आधी वाट माहीत पाहिजे.

टाकीत एक नळी खाली उतरलेली असते, तिच्या तोंडाशी जाळी असते. तेथून डिझेल गाडीच्या पोटाखालून पुढे येते. वाटेत पाणी वेगळे करणारी वाटी, हाताने दाबायचा छोटा पंप (प्राइमर) आणि फिल्टर असतो. पुढे मोठा पंप. तो डिझेलला प्रचंड दाब देऊन लोखंडी नळ्यांतून प्रत्येक इंजेक्टरकडे पाठवतो. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत जाते. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी या पंपाला अजूनही 'मायको' हेच नाव आहे. १९५१ साली बंगळूरला सुरू झालेल्या कंपनीचे ते नाव. २००८ साली ते बदलून बॉश झाले, पण नाशिकचे मायको सर्कल मायकोच राहिले.

या वाटेचे दोन भाग करावेत. टाकीपासून मोठ्या पंपापर्यंतचा भाग सहसा ओढीचा असतो आणि पंपापासून इंजेक्टरपर्यंतचा दाबाचा. दाबाच्या भागात गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकते, डोळ्यांना दिसते. ओढीच्या भागात गळती असेल तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. ती दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पुष्कळ दुखण्यांचे मूळ याच अर्ध्या भागात असते आणि पैसे मात्र दुसऱ्या अर्ध्यावर खर्च होतात.

धुराची नब्ज

हकीम आधी नब्ज पाहतो, तसा गाडीचा धूर पाहावा. भरलेली गाडी चढावर असताना मागून दुसऱ्या वाहनातून कोणाला तरी पाहायला सांगावे. उभ्या गाडीत रेस देऊन धूर पाहण्यात फारसा अर्थ नाही.

काळा धूर आणि ताकद कमी, म्हणजे डिझेल आहे, हवा कमी आहे. एअर फिल्टर भरला असेल, टर्बोपासून इंजिनकडे येणारा रबरी पाइप चिरला असेल किंवा टर्बो खरोखर सुस्त असेल. कधी नोझल नीट फवारा न मारता धार सोडत असेल तरीही काळा धूर येतो.

धूर अगदी नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. हवेचा प्रश्नच नाही.

पांढरा धूर आणि इंजिन अडखळते, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येते आहे. ओढीच्या नळीत हवा शिरली असेल, डिझेलात पाणी असेल किंवा पंपाचे टायमिंग चुकले असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. टर्बोचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा पाहाव्यात. तो विषय वेगळा.

एवढे चार रंग ओळखता आले तरी गॅरेजच्या दारातच निम्मा निर्णय झालेला असतो. आम्हाला ते ओळखता आले नाहीत. त्याची हकीकत आता सांगतो.

साडेतीनशे रुपयांचे झाकण

गोष्ट २०१८ सालची. आमची टर्बो पिकअप तेव्हा बारा वर्षांची होती. भिवंडीहून कापड आणायचे, कामोठ्यात उतरवायचे आणि तेथून पेण, माणगाव, महाडच्या दुकानदारांना पोचवायचे, असे तिचे काम. ड्रायव्हर आमच्याकडे सात वर्षांपासून होते, वयाने आमच्या बरोबरीचे. त्या साली फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीची सरासरी घसरू लागली. लिटरला अकरा किलोमीटर चालणारी गाडी साडेआठवर आली. चढावर काळा धूरही सोडते, असे ड्रायव्हरने दोनदा सांगितले. आम्ही ते कानाआड केले, कारण आमच्या मनात दुसराच हिशेब चालू होता. डिझेल कमी पडते म्हणजे कोणीतरी ते काढून विकतो. हायवेच्या कडेला असे सौदे चालतात, हे आम्ही ऐकून होतो.

आम्ही बाजारातून कुलूप असलेले टाकीचे झाकण आणले, साडेतीनशे रुपयांचे. किल्ली खिशात ठेवली. ड्रायव्हरच्या पगारातून तीन हजार रुपये कापले. ते काही बोलले नाहीत. सरासरी मात्र साडेआठचीच राहिली. येथेच आमचे डोळे उघडायला हवे होते. कुलूप लावूनही सरासरी सुधारत नाही, तर चोरी टाकीतून होत नाही, एवढे साधे गणित. पण मनात एकदा बदगुमानी बसली की माणूस गणिताकडे पाहत नाही. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे, ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही आम्हाला असे वाटले की यांनी दुसरी काही हिकमत शोधली असेल.

त्या वर्षी रमजान मे-जूनमध्ये आला होता. ईद १६ जूनला झाली. ईदच्या मालाची कोकणातली पहिली फेरी निघाली. किल्ली आमच्याकडे असल्यामुळे ड्रायव्हरला वाटेत डिझेल भरता येणार नव्हते. म्हणून कळंबोलीतच टाकी काठोकाठ भरून दिली. कर्नाळ्याची खिंड गाडीने कशीबशी काढली. नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंडीत तिने दम सोडला. धूर नाही, आवाज नाही, नुसती मरगळ. वीस मिनिटे उभी ठेवली की पुन्हा चालू व्हायची, थोडी पळायची, पुन्हा बसायची.

परत आल्यावर ती गॅरेजात दिली. तेथे पंप उघडला, टर्बोही उघडला. दोन्ही मिळून २८ हजार रुपये झाले. चाचणीला खारघरपर्यंत नेली, छान चालली. दुसरी फेरी निघाली, टाकी पुन्हा काठोकाठ भरली आणि त्याच खिंडीत तोच प्रकार झाला. त्या रात्री आम्ही ड्रायव्हरला नको ते बोललो. त्यांनी गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली आणि ते घरी गेले, ऐन रमजानमध्ये.

तिसऱ्या फेरीला मुलगा चालवायला आणि आम्ही शेजारी. सुकेळी खिंडीत गाडी बसली. तोंडाला रोजा, मागे महाडच्या दुकानदारांचा माल. नागोठण्याहून एका वयस्क पंपमिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी पाने हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. "सेठ, बसते तेव्हा धूर सोडते का?" आम्ही म्हटले, नाही. "उभी केल्यावर आपोआप ठीक होते?" होते. "टाकी किती भरता?" काठोकाठ. "आणि परत येताना, टाकी निम्मी असते तेव्हा?" आम्ही मुलाकडे पाहिले. परतीच्या प्रवासात ती कधीच बसली नव्हती. गाडी रिकामी असते म्हणून, असे आम्ही धरून चाललो होतो.

मिस्त्रींनी प्राइमर दाबला. तो दाबला गेला तसाच आत चिकटून राहिला, वर येईना. ते म्हणाले, "मागून डिझेल सुटत नाही. टाकीचे झाकण उघडा." किल्ली आमच्याच खिशात होती. झाकण फिरवताच 'फुस्स' असा लांब आवाज झाला. हा आवाज आम्ही डिझेल भरताना आधीही ऐकला होता. टाकीतली वाफ बाहेर येते, असे समजलो होतो. प्रत्यक्षात हवा आत जात होती. प्राइमर आपोआप वर आला. झाकण सैल ठेवून, वर फडके बांधून गाडी महाडला गेली आणि माल वेळेवर पोचला.

कारण अगदी साधे. टाकीतून डिझेल जाते तितकी हवा तिच्यात आली पाहिजे. काही गाड्यांत त्यासाठी टाकीला वेगळी नळी असते, काहींत झाकणातच बारीक छिद्र आणि झडप असते. आमच्या गाडीचे मूळ झाकण छिद्राचे होते, कुलपाचे झाकण बिनछिद्राचे. आता हिशेब पाहा. टाकीत पाच लिटर हवेची जागा असेल आणि हवेला आत वाटच नसेल, तर पाच लिटर डिझेल जाताच तीच हवा दहा लिटर जागेत पसरते, म्हणजे दाब निम्म्यावर येतो. पंप एकीकडून ओढतो, टाकी दुसरीकडून ओढते. पण हवेची जागा तीस लिटरची असेल तर तेच पाच लिटर गेल्याने दाब सातव्या हिश्श्यानेच उतरतो. म्हणून भरलेली टाकी बसायची आणि निम्मी टाकी पळायची. म्हणूनच भिवंडीच्या फेऱ्यांत, जेथे आम्ही थोडे थोडे डिझेल भरायचो, तेथे तक्रार आली नाही. गाडी उभी केली की झाकणाच्या फटीतून हळूहळू हवा शिरायची आणि ती शुद्धीवर यायची. ड्रायव्हरकडे किल्ली असती तर त्यांनी पहिल्याच दिवशी झाकण उघडून पाहिले असते. सात वर्षांचा अनुभव होता त्यांना.

आणि सरासरीचे काय? तेही मिस्त्रींनीच दाखवले. टर्बोपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपला खालच्या अंगाला, क्लिपच्या जवळ, बोटभर चीर होती. वरून दिसत नव्हती. रेस दिल्यावर तेथे शीळ वाजायची आणि आजूबाजूला तेलकट काळा डाग पडला होता. दाबलेली हवा तेथून निसटत होती, म्हणून काळा धूर, म्हणून डिझेल वाया. "हा तुमचा डिझेलचोर," ते म्हणाले. आम्ही त्यांना चोरीचे काही सांगितले नव्हते. कुलपाचे झाकण पाहूनच ते समजले असावेत.

म्हणजे दोन वेगळी दुखणी होती. पहिल्यात हवा कमी, धूर काळा. दुसऱ्यात डिझेल कमी, धूर नाही. दुसरे दुखणे आम्हीच बाजारातून विकत आणले होते. गॅरेजवाल्याने पंप उघडला ही त्याची चूक खरी, पण त्याला झाकण बदलल्याचे आम्ही सांगितलेच नव्हते. कोठला मालक आपल्या संशयाची गोष्ट गॅरेजात सांगतो? तरी सांगावी. दुखणे सुरू होण्याआधी गाडीवर शेवटचे कोणते काम झाले, कोणती वस्तू बदलली, हा तपासणीतला पहिला प्रश्न असला पाहिजे.

ईदच्या आधी आम्ही ड्रायव्हरच्या घरी गेलो, कापलेले तीन हजार दिले आणि माफी मागितली. पैसे त्यांनी घेतले. कामावर मात्र लगेच आले नाहीत; ईदनंतर दोन आठवड्यांनी आले.

घरच्या घरी करण्याच्या चाचण्या

झाकणाची चाचणी आता सांगायला नकोच. गाडी बसली की झाकण उघडावे, कान द्यावा आणि पुन्हा चालवून पाहावी. बिनखर्चाची आहे, म्हणून सर्वांत आधी.

दुसरी चाचणी प्राइमरची. दाबल्यावर तो वर येत नसेल तर मागची वाट अडली आहे: झाकण, टाकीतली जाळी, चेपलेली नळी. उलट कितीही दाबला तरी कडक होत नसेल, पोकळ लागत असेल, तर कोठेतरी हवा शिरते आहे. सकाळी गाडी उशिरा चालू होणे हेही याचेच लक्षण, कारण रात्रभरात डिझेल नळीतून मागे टाकीत उतरते.

हवा नेमकी शिरते का, हे पाहण्यासाठी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तात्पुरती लावावी. डिझेल सहन करणारी नळी घ्यावी, पाण्याची नको. इंजिन चालू ठेवून पाहावे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे धरू नयेत. सतत माळ येत राहिली तर गळती नक्की. मग तांब्याचे वॉशर, रबरी नळ्यांची तोंडे, क्लिपा, फिल्टरचे रबर एकेक करून पाहावे. क्लिप घट्ट दिसते म्हणून सोडू नये. जुने रबर दगडासारखे होते. क्लिप कितीही आवळली तरी ते नळीला चिकटत नाही.

आम्हाला सर्वांत आवडलेली चाचणी डब्याची. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात फिल्टर केलेले डिझेल घ्यावे, डबा पंपापेक्षा उंच आणि गरम सायलेन्सरपासून दूर घट्ट बांधावा, आणि त्यातून नळी थेट फिल्टरकडे द्यावी. परतीची नळीही त्याच डब्यात सोडावी. टाकी आणि गाडीखालची सगळी नळी आता वाटेतून बाहेर झाली. उभ्या गाडीत सुरुवात करावी, मग जाणकार मिस्त्री बरोबर घेऊन जवळच्या चढावर न्यावी. गाडीने चढ काढला तर दोष मागच्या अर्ध्यात. पंपाला हात लावायचा नाही. तशीच बसली तर दोष पुढे. एका तासाच्या या कामाने आमचे २८ हजार वाचले असते.

फिल्टरबद्दल काही लिहायला हवे असे नाही, तो वेळेवर बदलावा. मात्र नवा बसवल्यावर जुना कापून उघडून पाहावा. आत काळा चिखल असेल तर टाकी धुवायला झाली. लोखंडाचा गंज असेल तर टाकी आतून सडते आहे. चकाकणारा धातूचा कीस परतीच्या डिझेलात दिसला तर पंप स्वतःला खातो आहे, तेव्हा मात्र पंप उघडण्याला पर्याय नाही. रॉकेलची भेसळ हे याचे एक मोठे कारण. या पंपातले भाग डिझेलच्याच ओलाव्यावर सरकतात, वेगळे तेल नसते, आणि रॉकेलमध्ये तो चिकटपणा कमी. थोडे स्वस्त मिळते म्हणून कोठल्याही ड्रममधले डिझेल भरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पावसाळ्यात पाण्याची वाटी आठवड्याला एकदा सोडावी. निम्म्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी जमते आणि ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशीच, बसते. नोझलला पाण्याइतका वैरी नाही.

एक फसवी गोष्ट येथेच सांगून ठेवतो. काही टर्बो इंजिनांच्या पंपाच्या डोक्यावर एक बारीक नळी येते. टर्बोचा दाब वाढला की त्या नळीवाटे पंपाला निरोप जातो आणि तो डिझेल वाढवतो. ही नळी तुटली तर निरोप पोचत नाही. मग धूर नाही, ताकद नाही, फिल्टर नवा, टाकी साफ, डब्याच्या चाचणीतही सुधारणा नाही. आणि सगळे म्हणतात पंप गेला. आधी ती नळी पाहावी.

चारांपैकी कोणता सिलिंडर मार खातो हे शोधायला जुने मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करतात. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. ही रीत जुन्या पंपाच्या गाडीपुरतीच, तीही जाणकाराच्या हातून. कॉमन रेल इंजिनावर ती कदापि करू नये. तेथे दाब हजार बारच्याही पुढे असतो आणि बारीक धार कातडी फोडून मांसात जाते. वरून टाचणीएवढे भोक दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते; असे झाले तर दुखत नसले तरी तत्काळ इस्पितळ गाठावे. कॉमन रेल गाडीला संगणकाची तपासणी करून घ्यावी. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब दोन्ही आकडे दिसतात. चढावर मागणी वाढते आणि मिळकत मागे राहते, हे कागदावर आल्याशिवाय इंजेक्टर बदलायला होकार देऊ नये.

पेट्रोल गाडी असेल तर

काही बांधवांनी हौसेने जुनी सुपरचार्जरची पेट्रोल गाडी घेतलेली असते. त्यांच्यासाठी एकच इशारा. डिझेल इंजिनला इंधन कमी पडले तर ताकद जाते, इतकेच. पेट्रोल इंजिनला दाबलेल्या हवेत पेट्रोल कमी पडले तर आतली उष्णता वाढते, खडखड सुरू होते आणि पिस्टन वितळूही शकतो. म्हणून अशी गाडी जोरात अडखळू लागली की पाय काढावा, 'घरापर्यंत जाऊ' म्हणून दामटू नये. तपासताना पेट्रोलचा दाब उभ्या गाडीत पाहून समाधान मानू नये. जुना पंप उभ्या गाडीत दाब धरतो, जोरात मात्र सोडतो. ज्या गाड्यांत दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला इंजिनकडून हवेची नळी येते, त्यांत हवेचा दाब जेवढा चढतो तेवढाच पेट्रोलचा चढला पाहिजे. चढत नसेल तर आधी ती रबरी नळी पाहावी, मग पंपाच्या तारेवर पूर्ण व्होल्टेज पोचते का ते पाहावे. वीज कमी पोचली तर नवा पंपही जुन्यासारखाच वागतो.

गॅरेजात जाताना

एका वहीत चार गोष्टी लिहून न्याव्यात: गाडी किती किलोमीटरनंतर बसते, टाकी तेव्हा किती असते, धूर कोणता, आणि उभी केल्यावर किती वेळाने सुधारते. ज्याने गाडी चालवली त्यालाच बरोबर न्यावे आणि त्यालाच बोलू द्यावे. पंप किंवा इंजेक्टर उघडायचेच झाले तर चाचणी यंत्रावरचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागावेत, आणि काढलेले जुने भाग घरी आणावेत. सरासरी घसरल्याची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप मागता येते; ते दाखवणे पंपवाल्याचे काम आहे. टाकी एकदा काठोकाठ भरावी, मीटर लिहावा, चारशे-पाचशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा. असे तीन वेळा केल्याशिवाय कोणाविषयी काही बोलू नये.

आमच्या पिकअपला आता पुन्हा छिद्राचे झाकण आहे. कुलूप असलेलेच घेतले, पण फुंकून हवा जाते याची खात्री करून घेतले. त्याची किल्ली इंजिनच्या किल्लीबरोबर एकाच कडीत असते, ड्रायव्हरपाशी.